बस आठची, भूक साडेनऊची

वारज्यात राहणाऱ्या एका वडिलांचं पत्र आहे. पत्नी नर्स आहे, सकाळची ड्यूटी असली की सव्वासहालाच घराबाहेर पडते. त्यामुळे सहा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा यांचं सकाळचं सगळं यांच्याकडे. सोबतीला यांची आई. शाळा नऊची, पण बस आठला कोपऱ्यावर येते. मुलं सातला उठतात, आजी लगेच चॉकलेट पावडर घातलेलं दूध आणि बिस्किटं देतात, धाकटा आजीच्या चहातही एखादं बुडवून घेतो. साडेसातला हे नाश्ता वाढतात. "पोहे केले तर मुलगी मोहरी आणि कढीपत्ता ताटलीच्या कडेला रचत बसते. उपमा केला तर घास गालात धरून ठेवते. धाकटा तिचं बघून मान फिरवतो. मोबाइल लावला तर चार घास जातात. रील्समध्ये बायका चांदण्यांच्या आकाराचे पॅनकेक करतात, मला ते जमायचं नाही. आई म्हणते, दूध-बिस्किट खाल्लंय ना, कशाला मागे लागतोस. बायको सव्वाआठला मेसेज करते, 'खाल्लं का?' आणि मी बऱ्याचदा खोटंच 'हो' लिहितो. मी हिंजवडीहून साडेआठला घरी येतो, मग साडेनऊला सगळे एकत्र जेवतो, तेव्हाही मुलं पेंगत असतात. रविवारी मात्र दहाच्या सुमारास मुलगी दोन डोसे सहज संपवते. मला पंधरा दिवसांचं वेळापत्रक द्या. पौष्टिक, झटपट आणि मुलं नक्की खातील असे पंधरा पदार्थ."

नमस्कार.

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ती रविवारच्या डोशांची. तीच मुलगी, तोच तवा, करणारे हातही बहुधा तुमचेच. फरक फक्त घड्याळाचा. रविवारी तिला भूक लागलेली असते, मंगळवारी साडेसातला नसते. पंधरा पदार्थ देता येतील हो, पण पोट भरलेल्या मुलापुढे पंधरा पदार्थ ठेवले काय आणि पन्नास ठेवले काय.

पोट भरलंय म्हणजे किती, ते बघू. मोठा मग म्हणजे २५० मिली दूध धरा, त्यात दोन चमचे पावडर आणि वर चार बिस्किटं. हे सगळं मिळून तीनशे-साडेतीनशे कॅलरीपर्यंत जातं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३५० कॅलरी लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं कोष्टक सांगतं. म्हणजे तुम्ही पोह्यांची फोडणी घालत असता, तेव्हा दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा आजीच्या मांडीवर बसून संपलेला असतो. तुमच्या आई म्हणतात ते हिशेबाला धरून आहे. मुलीने नाश्ता केलेला आहे. तुम्ही तिला दुसरा भरवू पाहताय.

आता हा पहिला नाश्ता कसा आहे? दूध वाईट नाही, पण त्यात लोह जवळजवळ नसतं. बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि तेल. पावडरीच्या डब्यावर पुढे काय लिहिलंय ते सोडून द्या, मागच्या बाजूला बारीक अक्षरात दर १०० ग्रॅमला साखर किती ते वाचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका असं कळवलं होतं, कारण आपल्या अन्न कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा काही प्रकारच नाही. पावडर आवडते म्हणून थोडी घालायची असेल तर घाला, फक्त तिला पोषण म्हणू नका.

लोहाचं मात्र मनावर घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तुमचा धाकटा त्याच वयाचा आहे. दिवसभरात दूध खूप झालं की भूक मरते आणि लोहाचे पदार्थ पोटात जायला जागाच उरत नाही, म्हणून या वयात बालरोगतज्ज्ञ दूध साधारण ४०० ते ५०० मिलीच्या आत ठेवायला सांगतात. आणि चहा तर नकोच. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट लिंबाने, पेरूने, आवळ्याने ते जास्त शोषलं जातं. पोह्यावर लिंबाची फोड ठेवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी हे चवीसाठी केलं असेल, पण केलं ते बरंच केलं.

तर आधी घड्याळ हलवू या.

सुरुवात सकाळपासून करू नका, आदल्या रात्रीपासून करा. साडेनऊला जेवून दहा-सव्वादहाला झोपलेलं मूल सातला भुकेलं कसं असेल? तुमची पत्नी सकाळच्या ड्यूटीची असेल तेव्हा संध्याकाळी घरी असते. मुलांना साडेसातला जेवू द्या. तुम्ही आलात की तुमच्या ताटाजवळ बसून काकडीची फोड खातील, गप्पा मारतील. एकत्र जेवण्याची हौस मला कळते, पण वारज्याच्या पुलाखालची वाहतूक तुमच्या मुलीच्या पोटाचं वेळापत्रक ठरवते आहे, हे काही बरोबर नाही. रात्री लवकर जेवली की लवकर झोपतील आणि पावणेसातला आपसूक उठतील. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका, असं राज्य सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलं ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. पण बसला शाळेत पोचायच्या आधी अर्धं कोथरूड फिरायचं असतं, म्हणून ती तुमच्या कोपऱ्यावर आठलाच येते.

सकाळी उठल्यावर पाणी, दात, अंघोळ, गणवेश. मग खाणं. दूध त्याआधी नाही. उठल्यापासून पाऊण तास गेला आणि अंगावर गार-गरम पाणी पडलं की बहुतेक मुलांना खावंसं वाटतं. नाश्त्यासोबत अर्धी वाटी दूध चालेल. उरलेलं संध्याकाळी पाचला, खेळायला जायच्या आधी, आजीसोबत.

आजीचं बोलणं जपून करा. "आई, तू बिस्किटं देऊ नकोस" असं म्हणालात तर त्यांना "आई, तू यात पडू नकोस" असंच ऐकू येईल. ती सकाळची पंधरा मिनिटं त्यांची आणि नातवंडांची आहेत. ती काढून घ्यायची नाहीत, त्यात दुसरं काहीतरी भरायचं. माझ्या ओळखीच्या एका घरी आजी सकाळी चहा पिताना नातवाला कोथिंबीर निवडायला बसवते. निम्मी काडी, निम्मी पानं, पण बसतो. नंतर तीच कोथिंबीर स्वतःच्या धिरड्यावर दिसली की "ही मी केली" म्हणून खातो. तुमच्या आईंना आणखी एक मोठं काम द्या. आठवड्याचा लाडवाचा डबा त्यांच्याकडे सोपवा. दाणे भाजून, सालं पाखडून, गूळ घालून मिक्सरला फिरवले की शेंगदाण्याचे लाडू वळता येतात, पाक नाही की काही नाही. लिंबाएवढाच वळायचा, मुलांच्या हाताच्या मापाचा.

आता पदार्थांकडे. तुम्ही पंधरा मागितलेत, मी आठ-नऊंवर थांबणार आहे. रोज नवीन हवं हा मोठ्यांचा कंटाळा आहे. सहा वर्षांच्या मुलीला ओळखीचं हवं असतं. तिला तीच गोष्ट रोज रात्री त्याच शब्दांत ऐकायची असते ना, तसंच. माझ्या मुलीने पहिलीचं जवळजवळ अख्खं वर्ष सकाळी मेतकूट-भात खाल्ला. शेजारच्या काकू विचारायच्या, "अगं, सकाळी सकाळी भात?" कोकणातल्या कितीतरी घरांचा दिवस गुरगुट्या भाताने नाहीतर पेजेने उगवतो, हे सदाशिव पेठेत सांगून पटत नाही. मऊ भात, तूप, मीठ, चमचाभर मेतकूट. मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, म्हणजे नुसता भात राहत नाही. रात्री तांदूळ धुऊन ठेवले तर सकाळी कुकरला वीस मिनिटं, आणि तुम्ही तेवढ्यात दाढी करू शकता.

तुमच्या घरी सगळ्यात जास्त चालेल असं मला वाटतं ते हिरव्या मुगाचं धिरडं, कारण डोसा चालतो हे तुम्हीच सांगितलंय. सकाळी कामाला निघताना वाटीभर मूग पाण्यात टाकायचे. रात्री जेवण झाल्यावर पाणी काढून आलं, जिरं, मीठ घालून मिक्सरमधून बारीक काढायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे. सकाळी चमचाभर तांदळाचं पीठ कालवून बिडाच्या तव्यावर पुरीएवढी लहान धिरडी घालायची. मोठं धिरडं ताटलीभर पसरलं की मुलं आधीच हरतात. कडेने तूप सोडा, कडा सुटून वर उचलल्या गेल्या की उलटा. हिरवा रंग बघून नाक मुरडलं तर पहिल्यांदा हळद जास्त घाला, नाहीतर सालाच्या मुगाऐवजी मुगाची डाळ घ्या. ती तासाभरातच भिजते. सोबत दही किंवा गूळ-तूप. उरलेल्या दोन धिरड्यांची सुरळी करून डब्यात.

भाजणीचं थालीपीठ तळहाताएवढं थापा, मध्ये भोक पाडा आणि त्यात तेल सोडायचं काम मुलीला द्या, स्टुलावर उभं करून, तुमचा हात तिच्या हातावर. कापताना कात्रीने पट्ट्या करा. पट्टी हातात धरून लोण्यात बुडवता येते, आणि बुडवता येतं ते या वयात अर्धं खाल्ल्यासारखंच. एखाद्या दिवशी नाचणीचं घावन. निम्मं नाचणीचं पीठ, निम्मं तांदळाचं, ताकात पातळ भिजवून. नाचणीत दर १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आईंना जरूर सांगा. सकाळचा मग लहान झाला की त्यांना पहिली काळजी हाडांचीच वाटणार आहे.

उरलेल्या पोळ्यांना कमी लेखू नका. फोडणीची पोळी कुस्करून, भरपूर दाण्याचं कूट आणि वरून लिंबू. किंवा पोळीचा लाडू: पोळी मिक्सरमधून काढायची, तूप-गुळात मळायची, झालं. काही सुचत नसेल त्या दिवशी शिकरण-पोळी. पुण्यात शिकरणीवर विनोद करायची पद्धत आहे, पण केळं, दूध आणि पोळी यांत सकाळी पावणेआठला नावं ठेवण्यासारखं काही नाही. अंडं चालत असेल तर अंड्याची पोळी तीन मिनिटांत होते आणि धाकट्याला एका अंड्याचीही पुरते.

पोहे बंद करायचं कारण नाही. फक्त मोहरी-कढीपत्ता तिला नकोच असेल तर जिऱ्याची फोडणी द्या, त्यावरून रोज लढाई कशाला? धाकट्याच्या वाटीतले अख्खे शेंगदाणे मात्र काढा, कूट घाला. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, मक्याच्या लाह्या श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि पळत पळत किंवा मोबाइल बघत खाणाऱ्या मुलाला ती भीती जास्त.

हे सगळं वारांना बांधून टाका. मंगळवार धिरड्याचा, गुरुवार थालीपिठाचा, असं. मुलांना काय येणार हे आधीच ठाऊक असतं आणि तुम्हालाही रात्री अकराला रील्स बघाव्या लागत नाहीत. बदल फळांचा करा, तो मोसम आपोआप करतो. पावसाळा सरता सरता सासवडची सीताफळं, थंडीत पेरू आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या, उन्हाळ्यात आंबा. शनिवारी मुलांना मंडईत नेऊन एक फळ त्यांना निवडू द्या. चुकीचं निवडतील. कच्चा पेरू आणतील आणि तोच खातील.

किती खायचं? मुलं वाढलेलं संपवत नाहीत, ही तुमची खरी तक्रार आहे. वाढताना तुम्ही तुमच्या अंदाजाने वाढता. मुलांच्या वाढणीचा एक जुना ठोकताळा आहे: वयाच्या दर वर्षाला एका पदार्थाचा एक मोठा चमचा. धाकट्याला साडेतीन चमचे उपमा म्हणजे जेमतेम अर्धी वाटी. तेवढाच वाढा, संपला तर तो मागेल. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची सरळ वाटणी करून ठेवली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. आपल्याकडे "खायचं की नाही" हे मुलाच्या हातात द्यायला जीव धजत नाही. पण गालात घास धरून बसलेली मुलगी तो निर्णय आधीच घेऊन बसली आहे.

आणि तिच्याजवळ छोटी सुट्टी आहे, हे विसरू नका. सकाळचा नाश्ता आणि छोट्या सुट्टीचा डबा यांना एकच खाणं समजा, दोन हप्त्यांत. पावणेआठला अर्धं धिरडं, सव्वादहाला उरलेलं दीड. तिची खरी भूक साडेनऊच्या पुढची आहे, तर तेव्हा तिच्या हाताशी तुमचं धिरडं असू दे, वेफर्स नकोत.

मोबाइल आजच बंद करू नका. आधी आठवडाभर जेवणाची आणि दुधाची वेळ बदला. भूक आली की मोबाइल बंद करा, तोही शनिवारी, बस नसते तेव्हा. रडारड होईल. त्या वेळी तुम्ही स्वतः शेजारी बसून खा. पत्रात तुम्ही काय खाता, ते कुठेच नाही. मला वाटतं तुम्ही ओट्याशी उभ्याने, मुलांच्या ताटलीत उरलेलं खाता. दहा मिनिटं तिघांनी बसून एकच पदार्थ खाणं हे चांदण्यांच्या पॅनकेकपेक्षा जास्त काम करतं, असा माझा अनुभव आहे. नवीन पदार्थ तर दहा-पंधरा वेळा ताटलीत दिसल्यावर कुठे काही मुलं तोंडात घालतात. दुसऱ्यांदा नाकारला म्हणून तो बाद करू नका, चमचाभर वाढत राहा आणि त्यावर बोलू नका.

पहिले चार-पाच दिवस वाईट जातील. दूध-बिस्किट नाही आणि धिरडंही नको, असा एखादा दिवस येईलच. त्या दिवशी बसमध्ये चढताना हातात केळं द्या आणि शांत राहा. पण वजन महिनोन् महिने वाढत नसेल, सगळं मिळून चार-पाचच पदार्थ खात असेल, घास गिळताना अडकत असेल, चेहरा फिकट आणि मूल सतत दमलेलं असेल, किंवा माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल, तर मात्र वेळापत्रकांचे प्रयोग करत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, रक्त तपासून घ्या. माती खाण्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते, तिथे ओरडून उपयोग नाही.

राहता राहिला सव्वाआठचा मेसेज. तुमच्या पत्नी वॉर्डात रोज बघतात, कोण किती जेवलं ते. "रुग्णाने निम्मा नाश्ता घेतला" हे वाक्य त्यांना घाबरवत नाही. 'हो' लिहून तुम्ही त्यांची काळजी वाचवता असं तुम्हाला वाटतं, पण संध्याकाळी डबा त्याच उघडतात. उद्यापासून जे झालं ते लिहा: "हिने अर्धं, बाकी डब्यात. याने केळं. मी दोन."